तात्यांची सिंगल बेल

बंगळूर, रविवार दुपार

ती. आई-बाबा,
साष्टांग नमस्कार, वि. वि.

हे ‘वि. वि.’ लिहिताना हात अडखळला. तात्या म्हणायचे, ‘वि. वि. म्हंजे विनाकारण विस्तार. मुद्द्याचं काय ते खाली हुडकायचं.’ तर मुद्द्याचं खाली आहे. जरा खालीच आहे.

बाबा, दहाव्यापासून तुम्ही माझ्याशी नीट बोललेला नाहीत. फोन केला की ‘आईला देतो’ म्हणता आणि देऊनही टाकता. आई सांगते, ते कुणाशीच बोलत नाहीत गं, तुझ्यावर राग नाही. मला ते अर्धंच पटतं, कारण त्या दिवशी प्रीतिसंगमावर पहिली हसले ती मीच.

पिंड ठेवून पाऊण तास झाला होता. ऊन चढलं होतं, गुरुजी सारखे घड्याळ बघत होते आणि कावळे समोरच्या झाडावर ओळीनं बसून आपल्याकडे बघत होते. जो तो तात्यांची राहिलेली इच्छा शोधायला लागला. आत्या म्हणाली, नातीचं लग्न बघायचं राहिलं. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. कावळ्यांनीसुद्धा पाहिलं असावं. काकांनी हात जोडून ‘घराचं सगळं नीट करतो’ असं मोठ्यानं सांगितलं, ते कावळ्यांसाठी होतं की तुमच्यासाठी, देव जाणे. भेळेची पुडी ठेवून झाली, तंबाखूची ठेवून झाली. मग स्टेअरिंगमामा काठी टेकत पुढे आले. तीस वर्षं ज्यांच्या गाडीवर तात्यांनी तिकिटं फाडली, ते मामा. म्हणाले, ‘आरं कंडक्टर हाय त्यो. बेल दिल्याबिगर गाडी हलंल का?’ आणि तोंडानंच म्हणाले, ‘टिंग टिंग.’

कावळा आला.

मला हसू आवरलं नाही. मग आत्या पदराआड हसली, मग गुरुजीही. तुम्ही तेवढे उठलात आणि पाण्याच्या कडेला जाऊन आमच्याकडे पाठ करून उभे राहिलात. हसल्याचं मला वाईट वाटत नाही, खोटं कशाला लिहू? तुमच्या मागोमाग आले नाही, त्याचं वाटतं. तिथं कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन भिडतात, आणि तात्या म्हणायचे, ‘दोघी घाटात आडव्या आल्या, साइड कुणीच देईना, शेवटी दोघींनी मिळून वळण घेतलं.’ तुम्ही नेमके त्याच जागेकडे बघत होतात. मी यायला हवं होतं.

आई, तुझ्याकडून एक गोष्ट मला पुन्हा ऐकायची आहे, पण आधी मीच लिहिते, चुकलं तर सांग. तात्या तुला बघायला चिपळूणला आले तेव्हा बाकीचे स्वयंपाक, शिवण, शिक्षण विचारत होते. तात्यांनी एकच प्रश्न विचारला, ‘पोरी, घाटात उलटी हुती का?’ कुंभार्ली घाटातून माहेर-सासर करायचं म्हटल्यावर प्रश्न रास्तच होता म्हणा. तुझ्या बाबांचा चेहरा पडला. आणि तू खाली मान घालून म्हणालीस, ‘खिडकीची जागा मिळाली तर नाही होत.’ तात्या उठले आणि म्हणाले, ‘ठरलं.’ ना पत्रिका, ना काही. लग्न होऊन तू घरात आलीस त्या दिवशी त्यांनी स्वतःची खुर्ची उचलून भिंतीकडे नेली आणि खिडकीजवळ तुझी मांडली. घरात कितीही पाहुणे आले तरी त्या खुर्चीवर त्यांनी कुणाला बसू दिलं नाही. ‘रिझर्व हाय’ म्हणायचे. पाहुण्यांना मात्र ‘पुढं सरका, पुढं सरका, मधी जागा हाय’ करत एका पंगतीत दोन पंगती बसवायचे, आणि ताटावर चमचा दोनदा वाजल्याशिवाय कुणी घास घ्यायचा नाही.

आम्हा नातवंडांना खाऊला पैसे देतानासुद्धा ते पुरते द्यायचे नाहीत. पाच मागितले की दोन हातावर टेकवायचे आणि जुन्या पाकिटाच्या तुकड्यावर ‘३ रु. येणे’ असं लिहून द्यायचे, एसटीत तिकिटाच्या पाठीमागे लिहून देतात तसं. ‘उतरताना घे.’ उतरायचं कुठं, हे कधी सांगितलं नाही. इथल्या सिटी बसमध्येही कंडक्टर सुटे पैसे नसले की तिकिटामागे लिहून देतात, आणि मी दर वेळी वेड्यासारखी त्या अक्षराकडे बघत राहते.

पण खरं सुख त्यांना ८२व्या वर्षी मिळालं. २०२२च्या ऑगस्टमध्ये पंच्याहत्तरीच्या पुढच्यांना एसटी फुकट झाली. पहिल्याच आठवड्यात ते साताऱ्याला जाऊन आले. काम काहीच नव्हतं. स्टँडवर चहा घेतला आणि परत आले. शून्य रुपयांचं तिकीट शर्टाच्या खिशात, आणि गल्लीत जो भेटेल त्याला दाखवणं. ‘उभी नोकरी फुकट्यांना खाली उतरवण्यात गेली, आता सरकारनं मलाच फुकट्या केलं!’ त्या पोरसवदा कंडक्टरला म्हणे त्यांनी सांगितलं, ‘शून्याचं सुट्टं न्हाई बाबा माझ्याकडं.’ पुढच्या जूनमध्ये इथं कर्नाटकात बायकांना बस फुकट झाली. माझ्या आधारवर बंगळूरचा पत्ता, म्हणून मलाही शून्याचं तिकीट मिळालं. मी बसमधूनच त्यांना फोन केला. दोन मिनिटं नुसते हसत होते. मग एकदम गंभीर होऊन म्हणाले, ‘घरात दोन दोन फुकटं बरं न्हवं. तुझ्या बापाला तरी तिकीट काढू दे.’ हे तुम्हाला कधी सांगितलं नव्हतं, बाबा.

शेवटच्या चार दिवसांबद्दल मी काही लिहीत नाही. ते बोलले नाहीत, आपणही बोललो नाही.

आता मुद्द्याचं.

आमच्या लहानपणी मला वाटायचं, तुम्हाला तात्यांच्या गोष्टी आवडत नाहीत. ते रंगात यायचे आणि तुम्ही वहीवरून मान वर न करता मधेच आकडा दुरुस्त करायचात. गणिताच्या मास्तराला चुकीचा आकडा खड्यासारखा लागणारच. ‘बारा नव्हे, मागच्या वेळी सात माणसं होती.’ ‘हेळवाक नव्हे, पाटण.’ आम्ही पोरं चिडायचो, बाबा गोष्ट मोडतात म्हणून. दादा तर एकदा रडला होता. आणि भूकंपाच्या गोष्टीत तर तुम्ही त्यांना एक वाक्य धड बोलू दिलं नाहीत.

ती तात्यांची सगळ्यात मोठी गोष्ट. पाटणच्या पुढे एका खेड्यात वस्तीची गाडी घेऊन ते आणि मामा मुक्कामाला गेलेले. तात्या २७ वर्षांचे.

‘मी टपावर झोपलेलो.’

‘डिसेंबरात टपावर कोण झोपतं, तात्या?’

‘ज्याला भूकंप बघायचाय त्यो. तर रात्री दोनचा सुमार...’

‘पहाटे ४ वाजून २१ मिनिटं. ११ डिसेंबर १९६७. सोमवार.’

‘माझ्या घड्याळात दोनच हुतं. ते एसटीच्या टायमावर चालायचं.’

मग गाडी हलायला लागते. मामा पुढच्या सीटवरून ओरडतात, ‘गाडी कोण ढकलतंय रं?’ आता टपावर झोपलेल्या माणसाच्या हाताला आतली दोरी कशी लागते, ही तुमची पुढची शंका. त्यावर तात्या टपावरून बिनबोभाट मागच्या सीटवर उतरायचे आणि गोष्ट पुढे न्यायचे. ‘मी झोपंतच दोरी वडली. एकच. टिंग. आन् थांबला की भूकंप! सबंध कोयना खोऱ्यात सिंगल बेलवर भूकंप थांबवणारा एकच कंडक्टर.’ धरणात पाणी साठवल्यानं जमीन हलली, असं शास्त्रज्ञ म्हणतात, असं तुम्ही सांगायचात. ‘मंग आमी काय येगळं म्हंतो? वरलोड केल्यावर पाटं मोडणारच.’

मला हे आत्ता, इथं एकटीनं भांडी घासताना कळलं. तुम्ही गोष्ट मोडत नव्हताच. टपाची शंका तुम्ही काढली नसतीत तर ‘ज्याला भूकंप बघायचाय’ कुठून आलं असतं? ४ वाजून २१ मिनिटं तुम्ही म्हणेपर्यंत तात्या थांबायचे. खरंच थांबायचे, बाबा, चहाचा घोट घेऊन, तुमच्याकडे तिरकं बघत. एखाद्या वेळी तुम्ही पेपर वाचण्यात गुंग असलात तर मुद्दाम मोठ्यानं चुकायचे. ‘१९५७ साली!’ तुमची मान वर यायचीच. डबल बेल दोघांची होती आणि आम्ही टाळ्या एकट्यालाच दिल्या.

आणखी एक आहे. ते लिहावं की नाही, दोन दिवस विचार केला.

गोष्टीच्या शेवटी तात्या एक वाक्य म्हणायचे. ‘दुसऱ्या दिवशी तिकीट एकबी फाडलं न्हाई. उभ्या नोकरीत तेवढाच एक दिवस वे-बिल कोरं.’ आणि मांडीवर थाप मारून चहा मागायचे. आम्ही त्यावरही हसायचो. सुट्टी मारली असेल, असं वाटायचं.

अकराव्या रात्री तुम्ही झोपल्यावर मामा ओसरीवर बसले होते. मी विचारलं, मामा, त्या दिवशी खरंच वे-बिल कोरं होतं का? बराच वेळ गप्प राहिले. मग सांगितलं. उजाडल्यावर त्यांनी गाडी काढली, ती थेट कोयनानगरच्या अंगाला. तिथली घरं पडलेली. सीटांवर, सीटांच्या मधल्या जागेत माणसं आडवी घातली आणि कराडला आणली. परत गेले, परत आणली. तात्या सगळी वाट खाली बसून, मांडीवर कुणाचं ना कुणाचं डोकं. किती खेपा, किती माणसं, विचारलं तर मामा म्हणाले, ‘मोजायचं काम कंडक्टरचं.’ बस. त्या भूकंपात सुमारे १८० माणसं गेली, हे मी शाळेत पाठ केलं होतं, मार्कही मिळाले होते.

मामा उठून गेल्यावर मला आठवलं, बाबा, की त्या एका वाक्याला तुम्ही कधीच हटकलं नाही. गाडीचा नंबर, तारीख, टप, चहाचे पैसे, सगळं दुरुस्त केलंत. ‘वे-बिल कोरं’ आलं की तुम्ही पेपर घडी करून आत जायचात. म्हणजे तुम्हाला माहीत होतं. कधीपासून? कुणी सांगितलं? त्यांनी स्वतः?

आणि मग हिशोब केला, तुमच्यासारखाच. ११ डिसेंबर १९६७ला तुम्ही ४ वर्षांचे होतात. कराडच्या घरात. तिथंही जमीन हललीच असणार. फळीवरची भांडी पडली असतील. आजी तुम्हाला घेऊन रस्त्यावर आली असेल. तात्या घाटाकडे गेलेले, ते जिवंत आहेत का नाही, हे आजीला कुणी आणि कधी सांगितलं? ते घरी आले तेव्हा त्यांचा शर्ट कसा होता? तुम्ही त्यांना ओळखलंत का? तीस वर्षं ही गोष्ट ऐकतोय आम्ही, आणि तुम्ही तिच्यात नुसते आकडे सांगायला होतात. तुमच्या बाजूची गोष्ट आम्ही विचारलीच नाही.

सगळं सांगायला हवं असं नाही. शर्टाचं नका सांगू हवं तर.

पण पुढच्या रविवारी सकाळी नऊला मी फोन करते. आईला देऊ नका. तुम्ही टपापासून सुरू करा. डिसेंबरात टपावर कोण झोपतं, हे मी विचारीन.

तुमची
धाकटी

ता. क. जुन्या कंपासपेटीत तात्यांच्या अक्षरातली एक चिठ्ठी सापडली, ‘३ रु. येणे’. काका घराचं सगळं नीट करणार आहेत ना, त्यात हेही धरायला सांगा.