मन्या, इलेक्ट्रिक पिकअप घ्यायच्या आधी एवढं वाच

केटी, टेक्सास
११ जानेवारी २०२६

प्रिय मन्या,

तुझा व्हॉइस मेसेज परवापासून तीनदा ऐकला. सेकंडहँड लायटनिंग, म्हणजे फोर्डचा इलेक्ट्रिक एफ-१५० पिकअप, चांगल्या भावात दिसतेय, घेऊ का, तू दोन वर्षं चालवतोयस, एका वाक्यात सांग, असं म्हणालास. एका वाक्यात सांगता आलं असतं तर तेव्हाच सांगितलं असतं रे. वहिनी पण ऐकतायत असं मागून कळत होतं म्हणून म्हटलं नीट बसून लिहावं, म्हणजे दोघं मिळून वाचाल.

आधी मला तुझे अण्णा आठवले बघ. इस्लामपूरला टाटाचा ४०७ ट्रक होता त्यांचा, भाडं घेऊन कोण दारात आलं की अण्णा आधी चहा सांगायचे आणि मग त्यांचे ठरलेले तीन प्रश्न, माल किती, जायचं कुठं, आणि येताना रिकामा का भरून. या तिन्हीची उत्तरं आल्याशिवाय पैशाचं बोलायचे नाहीत. आपण पायरीवर बसून ऐकायचो. मी ट्रक घेतला तेव्हा हे प्रश्न स्वतःला विचारले नव्हते, यूट्यूबवर व्हिडिओ बघून घेतला. दोन वर्षांत ती उत्तरं एकेक करून मिळाली, तीच तुला सांगतो.

माझी लायटनिंग २०२२ ची, लॅरिएट मॉडेलची आहे, मोठ्या बॅटरीची, म्हणजे १३१ किलोवॅट-अवर (विजेची १३१ युनिट), एका चार्जला कागदावर ३२० मैल. छोटी बॅटरी ९८ ची असते आणि तिची रेंज साधारण २३० मैल. आता माझं रोजचं बघ, ऑफिसला जाऊन-येऊन ५४ मैल, त्यात मुलीचा क्लास, किराणा, कधी एअरपोर्ट. कुठलाच दिवस ९० मैलांच्या वर जात नाही. रात्री दहाला प्लग लावायचा, सकाळी सातला ट्रक तयार. तीस टक्क्यांवर आणला असेल तरी सकाळपर्यंत नव्वद होतो. गेल्या दोन वर्षांत रोजच्या धावपळीत ट्रकची चिंता म्हणून मला कधी करावी लागली नाही, हे अगदी मनापासून सांगतो. आणि चालवायला इतका शांत आहे की मुलगी मागे बसून पाढे म्हणते ते स्पष्ट ऐकू येतं.

पण हे सगळं घरच्या प्लगच्या जोरावर बरं का, आणि इथेच तुझं अडतंय. गॅरेजमध्ये २४० व्होल्टचं, ५० अँपियरचं कनेक्शन घेतलं म्हणून माझं हे चालतं. भिंतीतल्या साध्या १२० व्होल्टच्या सॉकेटवर लावून बघितलं होतं पहिल्या आठवड्यात, रात्रभरात जेमतेम ३० मैलांचं चार्जिंग झालं, एवढी मोठी बॅटरी म्हणजे चमच्यानं हौद भरल्यासारखं होतं. तू शिकागोजवळ शॉमबर्गला भाड्याच्या अपार्टमेंटमध्ये आहेस, पार्किंग उघड्यावर, प्लग नाही. म्हणजे दर आठवड्याला कुठल्यातरी फास्ट चार्जरवर जाऊन पाऊण तास बसायचं, आणि तिथला दर घरच्या तिप्पट. माझ्याकडे घरी युनिटला १४-१५ सेंट पडतात, रस्त्यावर ४५ ते ५५. घरी चार्ज केलं तर हजार मैलांना मला साधारण ७५ डॉलर लागतात, पेट्रोलचा एफ-१५० तेवढ्यालाच १४० च्या आसपास घेतो. रस्त्यावरच्या चार्जरवर तेच हजार मैल अडीचशेच्या घरात जातात. मग पैसे वाचवायला म्हणून घेतलेला ट्रक पेट्रोलपेक्षा महाग पडतो. त्यात टेक्सासमध्ये इलेक्ट्रिक गाडीला दरवर्षी रजिस्ट्रेशनचे वरचे २०० डॉलर आहेत, तुमच्या इलिनॉयमध्ये पण वेगळी फी असते ती धर हिशोबात.

म्हणून माझं पहिलं म्हणणं हेच, की तुम्ही घर घ्यायचं बघताय त्याचं फायनल होईपर्यंत ट्रक घेऊ नकोस. स्वस्त दिसतोय म्हणून घाई करशील आणि सगळा हिवाळा चार्जरच्या रांगेत काढशील.

आणि घर बघायला जाल तेव्हा खिशात टेप ठेव. हे कुणी सांगत नाही म्हणून मी सांगतो. ट्रकची लांबी २३२.७ इंच, म्हणजे १९ फूट ४ इंच आणि वर थोडं. बरीचशी गॅरेजं आतून २० फुटांची असतात, त्यात मागच्या भिंतीला कपाट नाहीतर वॉटर हीटर असेल तर संपलं. माझ्याकडे भिंतीपासून चार बोटं सुटतात, भिंतीला मी टेनिसचा बॉल दोरीनं टांगलाय, काचेला टेकला की थांबायचं. मेघनाची सायकल, मुलांची खेळणी, झाडू, सगळं भिंतीवर चढवावं लागलं. दोन गाड्यांच्या गॅरेजला दोन वेगळी दारं असतील तर रुंदीही मोज, आरसे धरून ट्रक आठ फुटांचा आहे.

आता अण्णांचा दुसरा प्रश्न, जायचं कुठं. इथे मला तुला ऑक्टोबर २०२४ ची गोष्ट सांगायचीय. आम्ही तीन कुटुंबं गार्नर स्टेट पार्कला निघालो, फ्रिओ नदीवर, केटीपासून साधारण २६५ मैल. मित्राचा कॅम्पर, म्हणजे मागे ओढायचं चाकांवरचं घर, माझ्या ट्रकला जोडला, पाच हजार पाउंडांचा. ट्रकची ओढायची क्षमता दहा हजार पाउंडांपर्यंत सांगतात आणि ताकदीला खरंच तोड नाही, चढावर सुद्धा मागे काही आहे असं वाटत नव्हतं. पण कॅम्पर म्हणजे मागे उभी भिंत असते, सत्तरच्या स्पीडला ती सगळी हवा ढकलत न्यायची. आय-१० हायवेला लागलो आणि पंधरा मिनिटांत स्क्रीनवरचा आकडा बघून मी मेघनाकडे बघितलं. एका युनिटला जेमतेम एक मैल. म्हणजे ३२० ची रेंज सरळ १३० वर आली, आणि अगदी शून्यापर्यंत कोण नेतो, त्यामुळे शंभर मैलांना एक थांबा.

लुलिंगच्या जवळ पहिला थांबा घेतला. चार्जर चार, त्यातले दोन बंद. आणि जागा सगळ्या तोंड घालून लावायच्या, कारसाठी आखलेल्या, कॅम्परसकट आत जाताच येईना. मग काय, बाजूच्या मोकळ्या जागेत कॅम्पर सोडवायचा, जॅक खाली घ्यायचा, चाकांना लाकडं लावायची, साखळ्या काढायच्या, लाईटची वायर काढायची, ट्रक एकटा चार्जरला नेऊन लावायचा, पन्नास मिनिटं थांबायचं, आणि परत येऊन सगळं उलट्या क्रमानं जोडायचं. ऑक्टोबर असला तरी ऊन ९० फॅरनहाइटच्या वर होतं. आमच्यातला एक जण जॅकपाशी बसून होता, मुलं भूक लागली म्हणून मागे लागलेली. हेच पुन्हा सॅन अँटोनियोच्या पश्चिमेला केलं, कारण पुढे साबिनालच्या बाजूला चार्जरचा भरवसा वाटेना. साडेचार तासांचा रस्ता आम्हाला साडेआठ तास लागला. नदी सुंदर होती, पोरं खूश झाली, पण येताना सगळे गप्प होते.

त्यानंतर मी कॅम्पर ओढलेला नाही. ओढायचं काम असेल आणि तेही शंभर मैलांच्या पुढे, तर आजच्या घडीला हा ट्रक त्या कामाचा नाही असं माझं स्पष्ट मत आहे. पेट्रोलवाल्याची रेंज पण ओढताना अर्धी होतेच, फरक एवढाच की तो पाच मिनिटांत टाकी भरून पुढे निघतो. तू मागे बोट घ्यायचं म्हणत होतास. ती बोट घरापासून वीस-पंचवीस मैलांच्या तळ्यावर जाणार असेल तर बिनधास्त ओढ, विस्कॉन्सिनला वरपर्यंत न्यायची असेल तर तेवढ्यापुरता दुसरा ट्रक भाड्यानं घे.

माल किती, याचं उत्तर मात्र फार छान आहे. मागचा हौदा साडेपाच फुटांचा, पेट्रोलवाल्याइतकाच, माती, फरशा, फर्निचर काहीही टाक. आणि पुढे इंजिन नसल्यामुळे तिथे ४०० लिटरची बंद डिकी आहे, फ्रंक म्हणतात सगळे. तिला खाली पाणी जायला बूच आहे. गणपतीत मंडळाचं मखर मागे आणि मोदकांचे ट्रे पुढे असं नेलं आम्ही. विसर्जनाच्या दिवशी पुढे बर्फ ओतला, त्यात कोकम सरबताच्या बाटल्या, आणि मागच्या सॉकेटला साउंड सिस्टीम लावली. जनरेटर आणायची गरज नाही, धूर नाही, आवाज नाही. ढोलवाले पोरं-पोरी मध्येमध्ये येऊन पुढून सरबत घेत होते.

त्या सॉकेटवरून बेरिल चक्रीवादळाची गोष्ट सांगतो, मग तुला कळेल मी हा ट्रक का विकत नाही. ८ जुलै २०२४, सोमवार, पहाटे वादळ आलं आणि सकाळी लाईट गेली. ह्यूस्टनच्या पट्ट्यात वीस लाखांवर घरं अंधारात गेली होती, आणि जुलै म्हणजे इथे घरात बसवत नाही. ट्रक ८८ टक्क्यांवर होता. माझ्या ट्रकमधून एका वेळी ९.६ किलोवॅटपर्यंत वीज काढता येते, सॉकेट्स अकरा आहेत. मी जाड एक्स्टेन्शन वायर स्वयंपाकघराच्या खिडकीतून आत घेतली, फटीत टॉवेल कोंबला, फ्रिज चालू केला, रात्री एका खोलीत खिडकीचा छोटा एसी लावला आणि सगळे त्याच खोलीत झोपलो. दुसरी वायर कुंपणावरून शेजारी. त्यांच्याकडे आजी आहेत, मेक्सिकोच्या, इन्सुलिन घेतात. त्यांचा फ्रिज आणि पंखा आमच्या ट्रकवर चालला. पलीकडच्या गल्लीत जनरेटर रात्रंदिवस धडधडत होते आणि त्यांच्यासाठी पेट्रोल आणायला लोक तासन्‌तास रांगेत. चौथ्या दिवशी लाईट आली तेव्हा ट्रकमध्ये ४४ टक्के शिल्लक होतं. आजींनी नंतर मोठं भांडं भरून तामाले पाठवले, आणि मेघना ते भांडं परत द्यायला गेली ती पुरणपोळ्या घालून. ट्रकला मी त्या चार दिवसांत जे मानलं ना मन्या, ते आजवर कुठल्या गाडीला मानलं नाही.

तुमच्याकडे वादळापेक्षा थंडी. २०२४ च्या जानेवारीत शिकागोत इलेक्ट्रिक गाड्या चार्जरच्या रांगेत अडकल्या होत्या ते तू बघितलंयस. गार बॅटरी चार्ज हळू घेते आणि केबिन गरम करायला वीज वेगळी जाते, कडाक्यात तीस टक्के रेंज कमी धरूनच चाल. पण घरी प्लगला असतानाच ॲपवरून केबिन गरम करून ठेवलं की ती वीज भिंतीतून येते, बॅटरीतून नाही. आणि एक महत्त्वाचं, लायटनिंगला हीट पंप, म्हणजे कमी विजेत केबिन गरम करणारी यंत्रणा, २०२४ च्या मॉडेलपासून आला, माझ्या २०२२ ला नाही. मला इथे चालतं, तुला नाही चालणार. दोन-तीन हजार जास्त गेले तरी २०२४ किंवा नंतरचाच बघ, आणि मोठ्या बॅटरीचा.

टायरचं पण धर. ट्रक तीन टनांच्या आसपास आहे, माझे टायर ३० हजार मैलांच्या आत बदलावे लागले.

आता तू बंद झालेली गाडी कशाला घ्यायची म्हणालास. खरंय, फोर्डनं गेल्या डिसेंबरात पूर्ण इलेक्ट्रिक लायटनिंगचं उत्पादन संपल्याचं जाहीर केलं, पुढची येईल ती बॅटरी चार्ज करायला पेट्रोलचा जनरेटर सोबत घेऊन. मला वाईट वाटलं. पण ओढणाऱ्या माणसासाठी ते योग्यच आहे, माझ्या लुलिंगच्या उन्हातल्या पन्नास मिनिटांचं उत्तर तेच आहे. वर साडेसात हजारांची केंद्राची टॅक्स क्रेडिट पण ३० सप्टेंबर २०२५ ला संपली. त्यामुळे नव्यापेक्षा जुन्यातच अर्थ उरलाय. बॅटरीला आठ वर्षं किंवा एक लाख मैल वॉरंटी आहे, ती पहिल्या विक्रीच्या तारखेपासून मोजतात, कागद बघून किती शिल्लक आहे ते विचार. माझ्या मते चूक ट्रकची नव्हती, सगळ्यांनी अवाढव्य बॅटऱ्या टाकून प्रत्येकाला प्रत्येक कामाला पुरेल असा एकच ट्रक करायला बघितला, तिथे गणित बिघडलं. फोर्ड २०२७ मध्ये तीस हजारांच्या आसपासचा मध्यम आकाराचा इलेक्ट्रिक पिकअप आणणार म्हणते. तुला घर मिळायला वेळ लागणार असेल तर त्याची वाट बघायला हरकत नाही.

तोवर एक कर. उद्यापासून महिनाभर रोज रात्री गाडीचं ओडोमीटर लिहून ठेव, आणि गेल्या वर्षात ट्रक खरंच कधी लागला असता ते वहिनींना विचारून त्याच कागदावर लिही, तुझ्यापेक्षा त्यांना जास्त आठवेल. मला फोटो पाठव. आणि टेस्ट ड्राइव्ह घेशील तर दुपारी नको, या महिन्यातल्याच एखाद्या गारठ्याच्या पहाटे घे, ट्रक रात्रभर बाहेर उभा असताना. हायवेला लाव, हीटर चालू ठेव, तीस मैल जा आणि किती टक्के गेले ते बघ.

अण्णांना फोन करशील तेव्हा माझा नमस्कार सांग, आणि त्यांचा ४०७ एका टाकीत किती जायचा ते विचारून ठेव, मला खरंच माहीत करून घ्यायचंय. वहिनींना नमस्कार, चिकूला गोड पापा.

तुझाच,
संदीप

ता. क. गॅरेज मोजताना दार उघडल्यावर वरची पट्टी किती उंचीवर येते तेही मोज, ट्रक साडेसहा फुटांच्या वर उंच आहे आणि रूफ रॅक लावलास तर अजून.