इशारा दिला, पण मुदत किती दिली?

संपादक महोदय,

युद्धात रुग्णालयावर हल्ला झाल्याची बातमी आली की एक वाक्य हमखास कानावर पडतं, 'तिथे शत्रूचे लोक लपले असतील, मग दुसरं काय करणार?' मी 31 वर्षं परिचारिका होते, त्यातली बरीचशी आयसीयूत गेली. हे वाक्य मला ऐकवत नाही.

युद्धात नागरिकांना संरक्षण देणाऱ्या 1949 च्या चौथ्या जिनिव्हा कराराचं 18वं कलम रुग्णालयावरच्या हल्ल्याला मनाई करतं. त्याच्या पुढचं कलम मात्र फारसं कुणी वाचत नाही. रुग्णालयातून शत्रूला अपाय करणाऱ्या कारवाया झाल्या, तरच हे संरक्षण जातं. तेही आधी इशारा देऊन, योग्य असेल तिथे वाजवी मुदत देऊन आणि तो इशारा धुडकावला गेल्यावरच. आत जखमी सैनिक उपचार घेताहेत किंवा त्यांच्याकडून काढून घेतलेल्या बंदुका अजून जमा करायच्या राहिल्यात, एवढं कारण पुरत नाही. कलमात हे स्पष्ट लिहिलेलं आहे.

आता ही मुदत. एकदा रात्रपाळीत आमच्या मजल्यावर शॉर्टसर्किट होऊन धूर झाला. व्हेंटिलेटरवरच्या एका रुग्णाला खाली न्यायचं होतं, लिफ्ट बंद. चार वॉर्डबॉयनी स्ट्रेचर उचललं, डॉक्टरांनी ऑक्सिजनचा सिलिंडर धरला आणि मी अंबू बॅग (हाताने दाबून श्वास देण्याची पिशवी) दाबत जिना उतरत होते. प्रत्येक वळणावर थांबायचं, कारण घशातली नळी जरा सरकली की संपलं. दोन मजले उतरायला वीस मिनिटं लागली. हात आखडले होते, पण बॅग दुसऱ्याच्या हातात द्यायचीही भीती वाटत होती. हा एक रुग्ण झाला. वर अजून पाच होते, आणि बाहेर बॉम्ब पडत नव्हते.

काचेच्या पेटीतली बाळं, डायलिसिसवरची माणसं, पोट उघडून टेबलावर असलेला रुग्ण, यांना तासाभरात कुठे न्यायचं? मुदत संपली म्हणून आत राहिलेला रुग्ण सैनिक होत नाही.

म्हणून आपल्याला एक विनंती. अशी बातमी छापताना 'इशारा दिला होता' एवढ्यावर थांबू नका. किती वेळ दिला, आत रुग्ण किती होते आणि त्यांना न्यायला दुसरं रुग्णालय चालू होतं का, हेही विचारा आणि छापा.

एक निवृत्त परिचारिका