हॉटेलवाले कार्डावर पैसे अडकवतात, ते सोडायची मुदत कोण ठरवणार?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत परदेश प्रवासाच्या तयारीवर जे पान आलंय ते चांगलंच होतं, व्हिसा, इन्शुरन्स, औषधांच्या चिठ्ठ्या सगळं नीट सांगितलंय, पण पैशांबद्दल फॉरेक्स कार्ड (परकीय चलन आधीच भरून घेतलेलं कार्ड) घ्या म्हणजे काळजी नाही एवढ्यावरच विषय संपवलाय आणि नेमकं तिथेच आपल्या लोकांची, त्यातही पहिल्यांदा बाहेर जाणाऱ्या वयस्कर जोडप्यांची, फार ओढाताण होते. म्हणून हे पत्र.

परदेशात हॉटेलमध्ये चेक-इन करताना खोलीचं भाडं आधीच भरलेलं असलं तरी काउंटरवर कार्ड मागतात. मिनीबार (खोलीतल्या फ्रिजमधलं खाणं-पिणं), लाँड्री, खोलीतलं काही मोडलं तर त्यासाठी सिक्युरिटी म्हणून ते एक रक्कम कार्डावर अडवून ठेवतात, याला प्री-ऑथ किंवा होल्ड म्हणतात. पैसे हॉटेलकडे गेलेले नसतात, पण तुम्हालाही वापरता येत नाहीत. क्रेडिट कार्ड असेल तर फक्त लिमिट तेवढी कमी होते, खिशातलं काही जात नाही. डेबिट किंवा फॉरेक्स कार्ड असेल तर मात्र तुमचे स्वतःचे, मोजून भरलेले पैसे अडकतात, आणि हा फरक कार्ड विकताना कोणी समोर बसवून सांगत नाही. कार्डासोबत जी पुस्तिका येते त्यात बहुतेक बँका लिहितात की हॉटेलच्या किंवा भाड्याच्या गाडीच्या डिपॉझिटला हे कार्ड देऊ नका, फक्त अंतिम बिलाला वापरा. पण ते इतक्या बारीक अक्षरात, तेही इंग्रजीत, की निवृत्त माणूस ते वाचेल असं धरून चालणंच चूक आहे.

माझी आत्या आणि आतोबा दुबईला गेले होते. हॉटेलने रात्रीमागे २०० दिरहम या हिशोबाने होल्ड टाकला, आतोबांनी स्लिपवर सही केली, त्यांना वाटलं नोंदणीचा कागद असेल. बँकेचा जो मेसेज आला त्यात रक्कम खर्च झाली असंच लिहिलेलं, होल्ड हा शब्द कुठेच नाही. निघताना कपडे धुतल्याचे पैसे त्यांनी रोख दिले आणि झालं म्हणून बाहेर पडले, पुढे नातवंडांसाठी खरेदी करताना कार्ड चालेना कारण शिल्लकच पुरत नव्हती, आणि परक्या देशात दुकानदारासमोर दोघं घाबरून उभे. परत आल्यावर बँकेत फोन केला तर म्हणाले हॉटेलने सोडायला पाहिजे, हॉटेलला मेल केला तर म्हणाले आम्ही केव्हाच सोडलंय तुमच्या बँकेला विचारा. ही टोलवाटोलवी ते घरी येऊन रोजच्या कामाला लागले तरी चालूच होती. शेवटी मुदत संपून पैसे आपोआप मोकळे झाले, कोणी काही केलं म्हणून नाही. आतोबांना या वयात जो मनस्ताप झाला तो मी जवळून बघितलाय आणि मला त्याचा खरंच राग आहे.

हे असं का होतं तेही सांगते. होल्ड टाकल्यावर दोनच सरळ मार्ग असतात, एकतर त्याच होल्डमधून बिल कापून बाकी सोडायची, नाहीतर मशीनवर तो रद्द करायचा. ग्राहकाने बिल रोख किंवा दुसऱ्या कार्डाने दिलं आणि काउंटरवरच्या माणसाने रद्द करायचं बटण दाबलंच नाही तर होल्ड तसाच पडून राहतो. साध्या दुकानातला होल्ड साधारण आठवड्याभरात गळून पडतो, पण हॉटेल आणि भाड्याच्या गाड्या यांना व्हिसा-मास्टरकार्डच्या नियमांत त्याहून बरीच जास्त, जवळपास ३० दिवसांपर्यंत मुदत मिळते. म्हणजे त्यांचा आळस तुमच्या पैशावर महिनाभर बसून राहू शकतो. दुबईत गाडी भाड्याने घेतली तर ट्रॅफिकचा दंड आणि सालिक नावाचा तिथला रस्त्याचा टोल मागाहून येतो म्हणून गाडी परत दिल्यावरही डिपॉझिट काही आठवडे ठेवून घेतात, त्यात निदान कारण तरी समजतं.

अमेरिकेत मुलांकडे जाणाऱ्यांसाठी आणखी एक. तिकडे पेट्रोल पंपावर आधी कार्ड टाकायचं असतं, मशीनला माहीत नसतं तुम्ही किती भरणार म्हणून ते मोठी रक्कम अडवतं, २०२२ मध्ये व्हिसा आणि मास्टरकार्डने ही मर्यादा १२५ वरून १७५ डॉलर केलीय. तुम्ही भरलं ३० डॉलरचं आणि अडकले १७५, असं होऊ शकतं. शिवाय मशीन तिकडचा झिप कोड, म्हणजे त्यांचा पिन कोड, मागतं, तो आपल्या कार्डाला नसतोच. त्यापेक्षा आत जाऊन कॅशियरला पंपाचा नंबर आणि रक्कम सांगायची, तेवढेच पैसे जातात.

हॉटेलात काय करायचं तर शक्यतो डिपॉझिटला क्रेडिट कार्ड द्या. ते नसेल तर आधीच विचारा की रोख डिपॉझिट चालेल का, बऱ्याच ठिकाणी चालतं आणि निघताना हातात परत मिळतं, किंवा मिनीबार रिकामा करा, फोन बंद ठेवा, होल्ड कमी करा असं सरळ सांगा, ग्रुप टूरचे मॅनेजर हेच करतात. स्लिपवर प्री-ऑथ आहे की सेल ते बघा. सेल असेल तर ते खरंच पैसे कापतात आणि नंतर रिफंड देतात, मग दोन दिवसांचे चलनाचे दोन वेगळे दर लागतात आणि रुपयाच्या कार्डावर वरून बँकेचं २ ते ३.५ टक्के मार्कअप, म्हणजे चलन बदलण्याचं जादा शुल्क. चेक-आऊटला होल्ड रद्द केल्याची स्लिप मागून घ्या, त्यावर अप्रूव्हल कोड असतो, तो बँकेला दिला की त्यांना नेमका होल्ड शोधता येतो. (गोव्यात सेल्फ ड्राइव्ह गाडीवाले युपीआयवर डिपॉझिट मागतात तो मात्र होल्ड नाही, ते पैसे खरंच त्याच्या खात्यात जातात, म्हणून गाडीचे फोटो आणि लेखी मेसेज असल्याशिवाय देऊ नका.)

पण सगळा भार ग्राहकावरच का टाकायचा? पैसे अडवून ठेवण्याची शिस्तशीर पद्धत आपल्याच देशात आहे. आयपीओला, म्हणजे कंपनीचे शेअर पहिल्यांदा विक्रीला येतात तेव्हा, अर्ज करताना आस्बा नावाची सोय असते, शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीने ती २००८ मध्ये आणली, पैसे आपल्याच खात्यात ब्लॉक राहतात, व्याज चालू राहतं, शेअर नाही लागले की सुटतात. आणि युपीआयवरून केलेल्या अर्जात ते सोडायला बँकेने उशीर केला तर दिवसाला १०० रुपये किंवा वर्षाला १५ टक्के, जे जास्त असेल ते द्यायचं असं सेबीने २०२१ मध्ये सांगितलंय. रिझर्व्ह बँकेनेही २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकात फेल झालेल्या व्यवहाराचे पैसे ठरलेल्या मुदतीत परत आले नाहीत तर दिवसाला १०० रुपये भरपाई ठेवलीय. पण प्री-ऑथ हा फेल झालेला व्यवहार नाही, तो मंजूर झालेला असतो, म्हणून तो या नियमात बसत नाही आणि माणूस मधल्या मध्ये लटकतो.

माझी मागणी एवढीच की रिझर्व्ह बँकेने होल्डसाठीही असाच नियम करावा. परदेशातल्या हॉटेलवर आपला हुकूम चालत नाही हे मला समजतं, पण कार्ड तर आपल्याच बँकेने दिलेलं असतं ना. मेसेजमध्ये खर्च न लिहिता होल्ड लिहा, कोणत्या तारखेला सुटेल ते लिहा, मराठीत पाठवायची सोय द्या, आणि ग्राहकाने रद्द केल्याची स्लिप दाखवल्यावरही ठरलेल्या दिवसांत पैसे मोकळे केले नाहीत तर भरपाई द्या. देशातल्या हॉटेलांना तर चेक-आऊटच्याच दिवशी होल्ड सोडणं बंधनकारक करता येईल, त्यात काहीच अवघड नाही. तोवर ज्यांचे पैसे अडकलेत त्यांनी फोनवर भांडत न बसता बँकेकडे लेखी तक्रार करून तिचा नंबर घ्यावा, ३० दिवसांत उत्तर नाही आलं तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन जाता येतं, फी लागत नाही, चौकशीला १४४४८ हा नंबर आहे.

आणि आपल्याकडच्या टूर कंपन्यांना विनंती, निघायच्या आधी तुम्ही जी मीटिंग घेता त्यात प्लगचा अ‍ॅडॉप्टर आणि थंडीचे कपडे याबरोबर पाच मिनिटं होल्डवरही बोला, आणि बोलताना स्लिप कशी दिसते ते पडद्यावर दाखवा.

आपली एक वाचक,
सांगली