मुनियांचं गवत एवढ्यात कापू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

नवरात्रात एका सकाळी पुतणीला घेऊन पाषाण तलावाच्या बाजूला गेलो होतो, तिथे गवतात लाल मुनियाची जोडी दिसली. नर कुंकवासारखा लालभडक, अंगावर पांढरे ठिपके, आणि शेजारी मादी मातकट तपकिरी, तिची फक्त चोच आणि शेपटीच्या वरचा भाग लाल. पुतणी म्हणाली, काका ह्या दोन वेगळ्या चिमण्या आहेत ना? पहिल्यांदा बघणाऱ्या बहुतेकांना तसंच वाटतं, कारण नराचा हा लाल रंग फक्त विणीच्या काळातला असतो, पावसाळ्यात चढतो आणि वीण संपली की पिसं गळून नरसुद्धा मादीसारखाच दिसायला लागतो, मग उन्हाळ्यात तोच थवा समोर असतो आणि लोक म्हणतात लाल मुनिया गेल्या.

हिवाळ्यात सिंहगडाच्या दरीत रोझफिंच नावाचे छोटे पाहुणे पक्षी येतात त्यांचंही असंच, पहिल्या वर्षाचा नर मादीसारखा तपकिरी असतो, गुलाबी डोकं नंतर येतं. आणि हा लाल रंग खाण्यातून येतो बरं का. बिया, फळं यातलं पिवळं द्रव्य शरीरात जाऊन त्याचं लाल होतं, म्हणून पिंजऱ्यात कोंडलेल्या रोझफिंचचा रंग पुढच्या वेळी पिसं बदलली की फिका, पिवळट पडतो.

हे सगळं सांगायचं कारण म्हणजे मागच्या वर्षी आमच्या भागातल्या मोकळ्या जागेतलं गवत ऐन ऑक्टोबरमध्ये मशीन लावून साफ केलं. लाल मुनिया गवताच्या पात्यांचं गोल घरटं करते, तेही जमिनीपासून फार उंच नाही, आत 4 ते 6 अंडी, आणि वीण पावसाळ्यापासून हिवाळ्याच्या सुरुवातीपर्यंत चालते. दुसऱ्या दिवशी गेलो तर तिथे एकही पक्षी नव्हता, फार वाईट वाटलं. गवत वाढलं की डास होतात, साप येतात ही लोकांची भीती मला कळते, पण मग रस्त्याकडेचा पट्टा कापा, आतलं जानेवारीपर्यंत राहू द्या, आणि टेकडीवर वाळलेल्या गवताला कोणी आग लावताना दिसलं तर प्लीज अडवा.

अजून एक, एका आठवडी बाजारात हिरव्या-निळ्या मुनिया ‘फॉरेन फिंच’ म्हणून विकताना बघितल्या. त्या आपल्याच साध्या मुनिया, रंगात बुडवलेल्या! 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्या पकडणं, विकणं गुन्हा आहे, मुलांनी हट्ट केला तरी घेऊ नका.

गवत कापायच्या आधी कोणी बोलावलं तर घरटी कुठल्या पट्ट्यात आहेत ते दाखवायला आम्ही चार-पाच जण सकाळी सहाला यायला तयार आहोत.

– एक पक्षीनिरीक्षक, पाषाण, पुणे