आमची मशीन सुखरूप पोचवणाऱ्या काकांना

काका, नमस्कार.

नागपुरातल्या महाल भागातलं घर सोडून मानेवाड्याला यायचं ठरलं, तेव्हा सगळ्यात मोठा घोर शिलाई मशीनचा होता. सामान नेणारे फ्रिजला जपतात, काचेला जपतात. मशीनकडे पाहून मात्र "आडवी टाकून दोरी बांधू" म्हणाले. आईची ती काळी मशीन, आणि तिच्यावरच्या ब्लाउज-परकरांवर आज माझं घर चालतं.

तुम्ही मे महिन्यातल्या ४५ अंशांच्या उन्हात गांधीबागेतलं मशीन दुरुस्तीचं दुकान पोरावर सोपवून आलात. "बीड आहे ताई, म्हणजे ओतीव लोखंड, ते वाकत नाही, तुटतं. मशीन आणि स्टँड वेगवेगळे जातील," हे तुमचं पहिलं वाक्य.

पट्टा न कापता खालच्या चाकावरून अलगद सरकवलात. सुई, बॉबिन, बॉबिन केस काढून डबीत ठेवलंत. कापडाची घडी सुईखालच्या, कापड सरकवणाऱ्या दातांवर ठेवून मशीनचा कापड दाबणारा पाय तिच्यावर टेकवलात. मग मशीन मागे कलती करून बिजागरीचे दोन स्क्रू ढिले केलेत आणि ती उचलून घेतलीत. ते स्क्रू वाटेत पडू नयेत म्हणून लगेच पुन्हा आवळलेत, हे मी मुद्दाम लक्षात ठेवलंय. हातचाक बाहेर येतं, धक्का आधी त्यालाच बसतो, म्हणून त्याला जुन्या लुगड्याचे वेगळे वेढे दिलेत. वरून गोधडी. स्टँडचं पायडल हलू नये म्हणून सुतळीनं बांधलंत. मशीन उभीच ठेवायची, आडवी केली तर तेल गळून गोधडीत जातं, हेही समजावलंत. छोटा हत्ती टेम्पोच्या केबिनमध्ये ती माझ्या पायाशी बसून आली.

पोचल्यावर लगेच शिवायला बसू नका, असं बजावलं होतंत. तसंच केलं. भोकांत मशीनचंच तेल सोडलं (खोबरेल घट्ट होऊन बसतं, हे तुमच्याचकडून कळलं), चाक हातानं फिरवलं, नवी सुई लावली, चिंधीवर टाके घातले. टाका पूर्वीसारखाच एकसारखा आला. दुसऱ्या दिवशी शेजारच्या वहिनींचा ब्लाउज शिवून दिला.

शाळा उघडायच्या आधी पुष्कळ जण घरं बदलतात, म्हणून हे सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय. काका, तुमचे फार फार आभार. त्या दिवशी तुम्ही चहाशिवाय काही घेतलं नाहीत. दिवाळीच्या कामाआधी सर्व्हिसिंगला याल, तेव्हा मात्र पैसे घ्यावेच लागतील.

तुमची,
मानेवाड्याची शिवणवाली ताई