नाव छापलंय म्हणून उतरू नको

येळ्ळूर, ता. बेळगाव
२० नोव्हेंबर

चि. पोरीस अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर जानेवारीतल्या मुंबई मॅरेथॉनचं बोलताना तू रडायला लागलीस आणि मला पुढं बोलायला सुचेना, म्हणून लिहायला बसलोय. मळणी झाली. खालच्या शेतात मसूर उगवून आलीय. दुपारी आता सवड असते.

नडगीच्या हाडाला चीर पडलीय हे तू तीन आठवडे आम्हाला कळू दिलं नाहीस. त्याचा राग नाही. मीही माझ्या आईला सांगितलं नव्हतं. पण डॉक्टरांनी सहा ते आठ आठवडे पळणं बंद म्हणून सांगितलेलं असताना चौथ्याच आठवड्यात तू दोन किलोमीटर ‘बघून’ आलीस आणि रात्री पाय ठणकला, हे ऐकल्यापासून माझा जीव थाऱ्यावर नाही. ‘आप्पा, लोकांनी पैसे दिलेत, संस्थेनं माझा फोटो टाकलाय, आता मागं कशी फिरू?’ हे तुझं वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही.

माझ्या गुडघ्याची गोष्ट तुला अर्धीच माहीत आहे. मी बावीस वर्षांचा होतो. तालमीत सरावाची लढत करताना गुडघ्यातली गादी फाटली. वस्तादांनी बजावलं, चार महिने आखाड्यात पाय टाकायचा नाही. दोन महिन्यांनी आपलं कुस्त्यांचं मैदान आलं. हँडबिलावर तीन नंबरच्या कुस्तीला माझं नाव. वडगावच्या चहाच्या हॉटेलात, खानापूर रोडला, जिथं बघावं तिथं चिकटवलेलं. वस्तादांना न विचारता मी लांग चढवली. चौथ्या मिनिटाला समोरच्यानं पट काढला, म्हणजे पाय धरून खेचला, आणि गुडघ्यातून जो आवाज आला तो मला आजही ऐकू येतो. ती माझी शेवटची कुस्ती. पूजेला मांडी घालून बसता येत नाही, म्हणून तुझ्या लहानपणापासून खुर्ची लागते ती त्यामुळं.

त्याहून जास्त मला दुसरीच गोष्ट लागली. मला उचलून बाहेर नेलं आणि अर्ध्या तासात दुसरी जोडी लावली. लोकांनी टाळ्या वाजवल्या, फेटे उडवले. मी उतरलो नसतो तर ती जोडी आधीच लागली असती, एवढाच फरक. मैदान माझ्यावाचून अडलं नव्हतं. हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर मी ऐकलं असतं का, ठाऊक नाही. तू ऐक.

तू पळणार म्हणून लोकांनी संस्थेला पैसे दिले, पण ते दिलेत आत्याच्या बारक्याला आणि त्याच्यासारख्या थॅलेसेमियाच्या पोरांना, ज्यांच्या अंगात रक्त नीट बनत नाही. आत्या त्याला दर तीन आठवड्यांनी रक्त चढवायला बेळगावला नेते. चढवलेल्या रक्तातलं लोह अंगात साठतं, हृदयाला आणि यकृताला धरतं, ते काढायला रोज गोळ्या. रक्त गाळून देण्याचा फिल्टर वेगळा. दान त्याला लागतंय. त्यात तुझे ४२ किलोमीटर कुठं लागतात? ज्यांनी ज्यांनी दिलेत त्यांना एकेक पत्र लिही, हाडाचं खरं खरं सांग, कुणी परत मागितले तर त्यांचे मी भात विकून देईन. माझा अंदाज आहे, कुणी मागणार नाही.

तू मला चौगुल्यांचं उदाहरण दिलंस. आपल्या बेळगावचे फडेप्पा दरेप्पा चौगुले १९२० साली अँटवर्पच्या ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉन पळले, २ तास ५० मिनिटांत, १९वे आले. त्या वेळी अंतर ४२.७५ किलोमीटर होतं, आताच्यापेक्षा जास्तच. त्याच संघातले पैलवान शिंदे कुस्तीत चौथे आले, म्हणून तालमीत आम्हाला दोघांचीही नावं पाठ होती. पोरी, मला त्यांचा अभिमान तुझ्याइतकाच आहे. पण शंभर वर्षांपूर्वीच्या माणसाकडून जिद्द घ्यावी, दुखणं अंगावर काढायची परवानगी घेऊ नये.

हिशेब मी मांडून बघितला. जानेवारीचा तिसरा रविवार यायला आठ आठवडे. त्यातले निदान चार हाड जुळण्यात जाणार. मग अर्धा तास न दुखता चालता आलं तर एक मिनिट पळायचं, दोन मिनिटं चालायचं. उरलेल्या दिवसांत यातून ४२ होत नाही. मुंबईत पेडर रोडचा चढ तर शेवटच्या टप्प्यात येतो, पाय संपलेले असताना. संस्थेला विचार, छोट्या अंतरात चालत जाता येतं का. नसेल तर हा जानेवारी सोड.

आता एक गोष्ट जी फोनवर सांगणार नव्हतो. आत्यानं हट्ट धरला म्हणून मी रक्त तपासलं. मीही थॅलेसेमियाचा वाहक निघालो. मला त्याचा त्रास नाही, पण तुझ्यात ते उतरलं असण्याची शक्यता निम्मी आहे. एचबीए-टूची तपासणी करून घे, वाहक आहेस का ते त्या रक्ततपासणीत कळतं. तोपर्यंत दम लागतो म्हणून स्वतःच्या मनानं लोहाच्या गोळ्या घेऊ नको. आणि लग्नाआधी मुलाचंही रक्त तपासायचं. दोघं वाहक असले तर प्रत्येक पोराला चारात एक धोका. आत्याच्या वेळी हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. यासाठी तू गावोगाव बोललीस तर ते पळण्यापेक्षा कमी नाही असं माझं मत आहे.

आई शेजारी बसलीय. ‘काय जेवूलाली असंल पोरगी’ हे दहा वेळा म्हणून झालं. ती एक लिहायला सांगते, तसंच लिहितो: पाळी वेळेवर येते का? सकाळी उपाशी पळायचं, वर भात बंद, यानं पाळी थांबते आणि हाड ठिसूळ होतं, असं तिला गावातल्या नर्सबाईंनी सांगितलंय. लाजू नको, आईला फोन करून सांग आणि डॉक्टरांनाही.

शुक्रवारी रात्री निघ. नाचणीचं पीठ दळून ठेवलंय. एमआरआयची फिल्म घेऊन ये, वस्तादांच्या नातवाला दाखवू, तो आता हाडांचा डॉक्टर आहे. बारक्याला गुरुवारी रक्त चढवायचंय. तालमीतली नऊ पोरं रक्त द्यायला बुधवारी येतो म्हणालीत. रविवारी सकाळी राजहंसगडाच्या रस्त्यानं सावकाश चालून येऊ. वाटेत दुखलं तर तिथूनच मागं फिरू. माझाही गुडघा तिथपर्यंतच येतो.

तुझा
आप्पा