विषय : स्वतःच्याच गावात हॉटेलची खोली मागितल्याबद्दल झालेली उलटतपासणी आणि 'नो शो' म्हणून कापलेले पैसे

प्रति,
व्यवस्थापक,

तुमच्या ग्राहक सेवेतल्या बाईंशी पैसे परत मिळण्याबद्दल आत्ताच बोलून फोन ठेवला. 'सर, पॉलिसीत बसत नाही' यापलीकडे त्या गेल्या नाहीत, म्हणून लेखी देतोय. आम्ही बुक केलेल्या 'कपल स्पेशल' पॅकेजमध्ये काय काय येतं ते तुम्हाला माहीत आहे. पाकळ्या आणि मेणबत्त्यांचं वर्णन मी करत नाही, त्या आम्ही पाहिल्याच नाहीत.

आम्ही जुळे सोलापूरला राहतो. घरात आई-वडील, मुलं, सतत पाहुणे. लग्नाच्या वाढदिवसाला एक रात्र रेल्वे लाईन्स भागातल्या शांत गल्लीत, तुमच्या हॉटेलात काढावी, एवढीच हौस. पैसे पूर्ण आगाऊ भरले होते.

काउंटरवर तुमच्या ड्यूटी मॅनेजरने दोन्ही आधार कार्डं उलटीसुलटी करून पाहिली. "लोकल आहात?" हो म्हटलं. "मग गावात घर असताना इथं कशाला?" मागे बॅगा घेऊन एक कुटुंब उभं, सगळं ऐकतंय. बायकोच्या आधारवर माहेरचं आडनाव आहे. त्यावर बोट ठेवून, "मॅडम कोण तुमच्या?" बायको. "प्रूफ?" हिने मोबाईलमधून लग्नाचा फोटो शोधून दाखवला. साहेबांनी तो दोन बोटांनी मोठा केला. फोटोतल्या मला पाहिलं, समोरच्या मला पाहिलं, परत फोटो. "यात केस आहेत." हे वाक्य तुमच्या पगारी माणसाचं आहे, कॅमेऱ्यात आवाज येत असेल तर ऐका. शेवटी म्हणाले, "मुलीला व्हिडिओ कॉल लावा, आई-बाबाच आहेत का विचारतो." दहावीतल्या पोरीला! हिने फोन ओढून घेतला, "काय ओ, लाज वाटत नाही का?" म्हणाली आणि आम्ही बाहेर पडलो.

आणि तुमच्या नोंदीत आम्ही 'नो शो'. म्हणजे आलोच नाही! मग तासभर आधार कार्ड कुणाचं तपासलं?

स्थानिकांना खोली देऊ नये असा कायदा नाही. असलाच तुमचा नियम तर बुकिंगच्या वेळी सांगायचा. पत्त्यात सोलापूर लिहिलं तेव्हा पैसे बरे चालले. प्रेमाच्या नावाने पॅकेज विकायचं आणि जोडपं दारात आलं की पोलीस पाटील व्हायचं, हा धंदा जमवलाय छान.

गड्ड्याच्या यात्रेला आमच्याकडे येणारे पाहुणे आम्ही आजवर तुमच्याकडे पाठवत आलो. ते बंद.

पूर्ण रक्कम आठ दिवसांत खात्यावर हवी. नाहीतर आधी 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार, मग जिल्हा ग्राहक आयोग. 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी नाही, वकीलही लागत नाही, आणि मला वेळ आहे. आम्ही आलो होतो, 'नो शो' नाही, हे लेखी द्या. माफीचं पत्र माझ्या नावे नको. बायकोच्या नावे हवं, आधारवर आहे त्याच आडनावाने.

'पुढच्या बुकिंगला दहा टक्के सूट' सांगायला पुन्हा फोन करू नये.

एक 'लोकल' ग्राहक
सोलापूर

सोबत : पैसे भरल्याची पावती, बुकिंगचा मेल. लग्नाचा फोटो जोडलेला नाही.